वेगाच्या गजरात हरवलेली एक ओळ

रेल्वेची प्रवासी आरक्षण प्रणाली बदलण्याची घोषणा 2025 साली झाली, तेव्हा सर्वत्र एकच आकडा गाजला: मिनिटाला 32 हजार तिकिटांऐवजी दीड लाखांहून अधिक. 2010 साली उभी राहिलेली व्यवस्था इटेनियम सर्व्हरांवर, ओपनव्हीएमएस या कार्यप्रणालीखाली चालत आली. इटेनियमचे उत्पादनच आता बंद पडले आहे. यंत्रे बदलणे अटळच होते. परंतु त्यासोबत ‘जुने ते टाकाऊ’ हा जो निष्कर्ष विद्यार्थ्यांच्या गळी उतरवला जातो, तो निखालस खोटा आहे.

झाशीसारख्या जंक्शनावरील आरक्षण खिडकी डोळ्यांपुढे आणावी. व्यवहार मध्येच अडला, तर कारकुनापुढे एकच प्रश्न उरतो: जागा नोंदली गेली की नाही? पुन्हा कळ दाबावी तर दुहेरी नोंदीची धास्ती. न दाबावी तर खिडकीपुढील कुटुंब तिकिटाविना. अशा वेळी यंत्राने ‘काहीतरी चुकले’ एवढेच सांगणे म्हणजे वैद्याने रोग्याला ‘तुम्ही आजारी आहात’ असे सांगून फी घेण्यासारखे आहे.

1977 साली डिजिटल इक्विपमेंट कंपनीने जाहीर केलेल्या व्हीएमएसने, म्हणजे ओपनव्हीएमएसच्या पूर्वरूपाने, ही पळवाट ठेवली नव्हती. व्हॅक्स यंत्रे मेनफ्रेमहून लहान, पण शिस्त त्याच कुळातली. दोषाची प्रत्येक ओळ ठरलेल्या घाटाची: आधी टक्केचिन्ह, मग बोलणाऱ्या विभागाचे नाव, मग तीव्रतेचे एक अक्षर (यश, माहिती, इशारा, चूक की प्राणघातक दोष), मग दोषाचे संक्षिप्त नाव आणि शेवटी वाक्य. वाक्यात आकडे, नावे, वेळ भरण्याचे काम ‘एफएओ’ ही प्रणालीसेवा करते. साच्यात उद्गारचिन्ह आणि त्यामागे अक्षरे लिहायची. ‘यूएल’ लिहिले की दशमान आकडा, ‘एक्सएल’ लिहिले की षोडशमान, ‘एएस’ लिहिले की मजकूर. ओळ किती लांबीच्या जागेत बसवायची, हेही सेवेला आधीच सांगावे लागते. जागा अपुरी पडली तर ती ओळ तोडते आणि तोडल्याचे कळवते. सी भाषेतील ‘स्प्रिंटएफ’ जागेची लांबी विचारतच नाही, शेजारची स्मृती खुशाल तुडवते. लांबी विचारणारे त्याचे भावंड प्रमाण भाषेत यायला 1999 उजाडले. एफएओ निर्दोष आहे असे मुळीच नव्हे: आकड्याच्या जागी चुकून पत्ता दिला, तर तीही निमूटपणे भलतेच छापते.

मुख्य गोष्ट तर पुढेच आहे. संदेशांचा मजकूर वेगळ्या फायलीत राहतो, त्यामुळे मूळ कार्यक्रमाला हात न लावता तो बदलता येतो. देशी भाषांत दोषसंदेश देणे अवघड आहे, असे आजही जे सांगतात, त्यांनी ही सोय निदान एकदा पाहावी.

झाशीची बुंदेलखंड अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था आणि रेल्वे माहिती प्रणाली केंद्र, दोन्हींचे स्थापनावर्ष 1986. असल्या शहरातील विद्यार्थ्यांनी मेघसंगणनाच्या घोषणा पाठ करण्याआधी व्हीएमएसची संदेशपुस्तिका उघडावी, स्वतःचाच एखादा जुना कार्यक्रम घ्यावा आणि त्यातील प्रत्येक दोषाला विभाग, तीव्रता व नाव देऊन पाहावे.