तलवार कोणाच्या हाती?

ऑगस्ट २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅथलिक चर्चच्या कॅटेकिझममधला, म्हणजे अधिकृत धर्मशिक्षणाच्या ग्रंथातला, मृत्युदंडाविषयीचा परिच्छेद बदलला. मृत्युदंड अस्वीकार्य आहे, असे तो परिच्छेद आता सांगतो. आधीचे पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ च्या ‘इव्हान्जेलियम व्हिटे’ या परिपत्रकात अशी शिक्षा देण्याची वेळ आता जवळजवळ येतच नाही असे म्हटले होते. पण राज्याचा अधिकार त्यांनी नाकारला नव्हता. फ्रान्सिस यांनी ती फटही बुजवली, आणि दोन हजार वर्षांची परंपरा मोडल्याचा आरोप ओढवून घेतला. या आरोपात जिला परंपरा म्हटले जाते, ती मला बरीचशी सत्तेची सवय वाटते. चर्चच्या हाती तलवार होती तोवर त्याने तिचे समर्थन शोधले.

इतिहास तपासावा. चौथ्या शतकाच्या आरंभी, चर्च छळ सोसत होते तेव्हा, लॅक्टान्शियसने माणसाचा जीव घेण्याला कोणताच अपवाद नसल्याचे लिहिले. पुढे रोमन साम्राज्यच ख्रिस्ती झाले. बिशप ऑगस्टीनने राज्याचा हा अधिकार तत्त्वतः मान्य केला. मात्र त्याच्याच एका धर्मगुरूचा खून करणाऱ्या डोनॅटिस्ट या फुटीर पंथाच्या लोकांना मारू नका, अशी विनवणी त्याने रोमन अधिकारी मार्सेलिनस याला लिहून केली. ही घालमेल नंतर उरली नाही. तेराव्या शतकाच्या आरंभी तिसऱ्या इनोसंट पोपांनी, चर्चमध्ये परत येणाऱ्या वाल्डेन्सियन या फुटीर पंथाच्या लोकांकडून देहदंड देणारे राज्य पाप करत नाही हे वदवून घेतले. धर्मतत्त्वज्ञ अॅक्विनसने गुन्हेगाराला सडलेल्या अवयवाची उपमा दिली. खुद्द पोपांच्या राज्यात जल्लाद बुगात्ती याने १७९६ पासून १८६४ पर्यंत ५१६ जणांना देहदंड दिला. १८७० मध्ये ते राज्य गेले. १९२९ मध्ये व्हॅटिकन सिटी उभी राहिली तेव्हाही पोपांच्या हत्येच्या प्रयत्नासाठी कायद्यात मृत्युदंड ठेवला होता. तो १९६९ मध्ये सहाव्या पॉल यांनी काढला. प्रॉटेस्टंटांचेही वेगळे नाही. पाच शिलिंगांच्या दुकानचोरीसाठीची फाशी रद्द करणारे विधेयक १८१० मध्ये ब्रिटिश उमरावांच्या सभागृहात पडले, तेव्हा कँटरबरीचे आर्चबिशप आणि सहा बिशप यांची मते फाशीच्या बाजूने होती. पाच शिलिंगांसाठी माणूस मारावा, हे त्यांनी कोणत्या शुभवर्तमानात वाचले असेल?

यावर प्रामाणिक आक्षेप असा, की सत्तेबाहेर बसलेल्याला दया परवडते. राज्य चालवायची वेळ आली की कळते. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचे उदाहरण याचे उत्तर देते. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या विल्यम पेनच्या हाती ही वसाहत होती, तरी १६८२ च्या कायद्यात त्याने मृत्युदंड जाणूनबुजून केलेल्या खुनापुरताच ठेवला. इंग्लंडात तेव्हा चोरीलाही फाशी होती. १७१८ मध्ये पेनसिल्व्हेनियात पुन्हा इंग्रजी कठोरपणा आला, तो क्वेकरांच्या शपथ न घेण्याच्या प्रश्नावर इंग्लंडशी केलेल्या तडजोडीतून.

दुसरा आक्षेप शास्त्राचा आहे आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा, कारण अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्टांनी २००० मध्ये मृत्युदंडाला पाठिंबा देणारा ठराव त्याच्याच आधारावर केला. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल राज्यकर्त्याच्या तलवारीचा उल्लेख करतो, हे खरेच. पण ज्यांना तो लिहितो ते तलवारीखाली जगणारे मूठभर लोक होते. कर भरा, बंड करू नका, हा त्या उपदेशाचा रोख. ती तलवार केव्हा चालवावी याची नियमावली त्यात नाही, आणि खुद्द पौल त्याच रोमन तलवारीने मारला गेला असे चर्चची परंपरा सांगते. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात रक्ताबद्दल रक्ताची भाषा आहे. त्याच पुस्तकात पाच अध्याय आधी पहिल्या खुन्याला, काइनाला, कोणी मारू नये म्हणून देव त्याच्यावर खूण करतो. मोशेच्या नियमशास्त्रात शब्बाथ मोडणाऱ्यालाही देहान्त आहे. ती शिक्षा आज कोणी मागत नाही. म्हणजे निवड होतेच आहे, आणि ती येशूच्या शिकवणीवर घासून व्हावी एवढेच मागणे आहे.

उरतो बळींच्या न्यायाचा प्रश्न. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला ख्रिस्ती मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले जिवंत जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली, म्हणून खटला थांबला नाही. मुख्य आरोपीची फाशी २००५ मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेपेत बदलली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जन्मठेप कायम केली. शिक्षा झाली, तीही कठोर. त्याच जानेवारीत पोप जॉन पॉल अमेरिकेत सेंट लुईसला होते. त्यांच्या विनंतीवरून मिसुरीचे गव्हर्नर मेल कार्नाहन यांनी तिघांचा खून केलेल्या एका कैद्याचा मृत्युदंड रद्द केला. कार्नाहन स्वतः बॅप्टिस्ट आणि मृत्युदंडाचे समर्थक. त्याच वर्षी मिसुरीत इतर कैद्यांना विषाची सुई टोचली गेली. त्यांच्या तारखांना पोप शहरात नव्हते. ‘जवळजवळ येतच नाही’ या शब्दांत मावणारी दया एवढीच होती, आणि २०१८ चा बदल मला आवश्यक वाटतो तो याचसाठी.