एक पुंगळी

दिवाळीच्या आधीच्या रविवारी आमच्या घरी पितळेची भांडी बाहेर निघतात. समया, निरांजने, एक पोचे आलेला तांब्या आणि ज्यात आता कोणी पाणी तापवीत नाही असा एक बंब. आई पाटावर बसते, चिंचेचा कोळ घेते आणि घरातल्या प्रत्येकाला काही ना काही आणायला पिटाळते. यंदा त्याच दिवशी कन्येचे नेमबाजीचे जाडजूड जाकीट उन्हात टाकायला काढले, तर खिशातून टणकन एक पितळी पुंगळी पडली. बोटाच्या पेराएवढीसुद्धा नाही. आईने तीही घासली, पुसली आणि निरांजनांच्या ओळीत उभी करून मला विचारले, "अरे, इतके चांगले पितळ! यात पुन्हा दारू भरता येत नाही का रे?"

मी मास्तर माणूस. बंदुकीशी माझा संबंध पोवाडे शिकवण्यापुरता. गेली तीन वर्षे मात्र रविवारची सकाळ मी महाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडानगरीत काढतो. १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी उभारलेल्या त्या संकुलात नेमबाजीची रेंज आहे. कन्या आत पालथी पडून नेम धरते आणि मी बाहेर बसून निबंध तपासतो. तेव्हा आईचा प्रश्न मी कन्येकडे वळवला.

"नाही आजी, ही एकदाच," ती म्हणाली. पॉइंट टू टू रायफलीच्या काडतुसाला ठिणगी देणारा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो. घोड्याची टाचणी त्या कडेवर बसते, कड चेपते, मसाला जळतो आणि पुंगळीचा जन्म संपतो. मोठ्या रायफलींचे तसे नाही. तिथे बुडाच्या मधोमध निराळी टोपी असते. ती काढून नवी बसवायची, दारू मोजून घालायची, वर गोळी दाबायची, की तीच पुंगळी पुन्हा तयार. परदेशात लांब पल्ल्याचे नेमबाज हे घरच्या टेबलावर करतात. आपल्याकडे काडतूस बनवायलाही १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो.

"म्हणजे काटकसर!" आई खूश झाली.

पण काटकसर हे त्याचे अर्धेच कारण. खरा लोभ सारखेपणाचा. बार उडाला की पुंगळी फुगून नळीच्या घराला चिकटते आणि धूर मागे येऊ देत नाही. मग पितळ थोडे आक्रसते म्हणून ती सुटून बाहेर येते. अशी एकदा उडालेली पुंगळी त्याच बंदुकीच्या मापाची होऊन बसते, शिंप्याकडून अंगावर बेतून घेतलेल्या सदऱ्यासारखी. मात्र दर बाराला तिचा गळा कडक होत जातो. कडक गळा गोळीला एका तऱ्हेने धरतो, मऊ गळा दुसऱ्या तऱ्हेने. गोळ्यांचे वेग बदलतात आणि लांबच्या निशाणावर एक छिद्र वर, एक खाली. म्हणून जाणकार लोक पाच वेळा उडालेली पुंगळी दोनदा उडालेलीच्या पंक्तीला बसवीत नाहीत. मधूनमधून गळे तापवून मऊही करतात. कसब्यातल्या तांबट आळीत हे कोणी नवलाचे मानणार नाही. ठोकून ठोकून पत्रा ताठला की तांबट तो भट्टीत लाल करतो आणि पुन्हा हातोडा घेतो.

न तापवता सोडून दिलेले पितळ काय करते, याची एक गोष्ट आपल्याच देशातली. इंग्रजी अमदानीत पावसाळ्यात काडतुसे घोड्यांच्या पागेत साठवीत. पाऊस सरल्यावर पेट्या उघडाव्यात, तर पुंगळ्यांना हात न लावता तडे गेलेले! १९२१ साली संशोधकांनी छडा लावला. घडवताना पितळात राहिलेला ताण आणि घोड्यांच्या मुतातला अमोनिया, या दोघांनी मिळून ते फोडले होते. तयार पुंगळी बेताने तापवली की ताण जातो आणि तडे टळतात.

ताण आत राहतो आणि बाहेरून काही दिसत नाही, हे ऐकताना मी थोडा चुळबुळलो. कारण गेल्या वर्षीची एक गोष्ट आईला ठाऊक नाही.

टू टू ची पुंगळी पुन्हा भरता येत नाही, तेव्हा सारखेपणा विकत घ्यावा लागतो. एकाच कारखान्याची, एकाच नावाची काडतुसे, पण लॉट निराळा की रायफलीची मर्जी निराळी. म्हणून तिच्या सरांनी चार लॉटची दहा-दहा काडतुसे उडवून बघितली, कागदावरच्या छिद्रांचा पसारा पट्टीने मोजला आणि सांगितले, "हा क्रमांक. हंगामभराचे एकदम घेऊन ठेवा." आकडा ऐकून मी म्हणालो, "निम्मे आता घेऊ. नाव तर तेच आहे, उरलेले मागाहून मिळेल ते." कन्या काही बोलली नाही. माझ्या पगाराचा हिशेब तिला पाठ आहे.

निवडीच्या सामन्यात तिच्याजवळ दोन लॉटची काडतुसे होती. पन्नास मीटरवर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे, म्हणजे काबुली चण्याएवढे. साठ बार. दोन गुणांनी तिची निवड हुकली. दोष काडतुसांचा की श्वासाचा, हे कोणी सांगू शकणार नाही, आणि तिने तर विषयच काढला नाही. परतताना चांदणी चौकापर्यंत स्कूटरवर आम्ही दोघे मुकाट. मग ती म्हणाली, "बाबा, भूक लागलीय." त्यापेक्षा ती भांडली असती तर बरे झाले असते.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसळे याच रेंजवर घाम गाळीत होता. १ ऑगस्ट २०२४ रोजी त्याने पॅरिसला ४५१.४ गुणांनी कांस्यपदक घेतले. त्याआधीच्या फेरीत त्याचे गुण सहाशेपैकी ५९०, आठ जणांत सातवा. पाहुणे मला सांगतात, "केवढी एकाग्रता!" आहेच. पण मला आताशा त्याच्या काडतुसांच्या पेट्या दिसतात, आणि त्यांच्यासाठी कुणी कुणी काय काय पुढे ढकलले असेल ते.

हे सर्व आईला सांगितले. तिने तांब्या खाली ठेवला. "दोन गुण?" एवढेच म्हणाली.

परवा यंदाच्या हंगामाचे पैसे भरले, सगळे एकदम. घराचा रंग पुढच्या दिवाळीवर गेला. पेट्या हाती आल्यावर कन्येने प्रत्येकीवरचा क्रमांक वाचून घेतला. मग मी चष्मा काढून, पुसून, पुन्हा एकदा वाचला.