पडद्यावरचे युद्ध आणि आपली मुले

प्राथमिक वर्गांतील मुलांना युद्धाचा इतिहास शिकवूच नये, असे काही पालक सुचवितात. ते आम्हांस मान्य नाही. चौथीच्या पाठ्यपुस्तकात शिवरायांच्या लढाया आहेत, सहावीत मौर्यांचे साम्राज्य आहे, आणि दर १ जानेवारीला भीमा कोरेगावला निघणाऱ्या गाड्यांत आईवडिलांच्या मांडीवर आपलीच मुले असतात. युद्ध त्यांच्यापर्यंत पोहोचलेलेच आहे. वर्गात ते कोणत्या वाटेने यावे, एवढेच आपल्या हाती उरते.

आज ती वाट बहुधा पडद्यावरून जाते. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड, ‘दीक्षा’ ॲप आणि भिंतीवरचा स्मार्ट बोर्ड यांनी शिक्षकांचे काम खरोखर हलके केले आहे. सीताबर्डीचेच उदाहरण घ्या. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी आप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य आणि इंग्रज यांची लढाई जेथे झाली, त्या टेकड्या रेल्वे स्थानकापासून हाकेच्या अंतरावर आहेत. सुट्टीत गावी जाताना मुले त्यांच्या जवळूनच जातात. उपग्रहाच्या छायाचित्रात टेकडी, स्थानक आणि बाजार एका चौकटीत दिसले की दोनशे वर्षांपूर्वीची घटना आपल्या गावची होते. याबद्दल आमची काहीच तक्रार नाही.

तक्रार आहे ती तयार चित्रफितींबद्दल. त्यांत तलवारींचा खणखणाट असतो, ढोलांचा गजर असतो, एक सेना भगवी तर दुसरी काळी असते, आणि मेलेल्यांचा आकडा क्रिकेटच्या धावफलकासारखा कोपऱ्यात वाढत जातो. मुले टाळ्या वाजवितात. कलिंगाच्या युद्धाची चित्रफीतही याला अपवाद नाही. प्रेतांच्या राशीत उभा असलेला सम्राट अशोक तलवार टाकतो आणि पार्श्वसंगीत करुण होते. तेराव्या शिलालेखात मात्र तलवार टाकण्याचा प्रसंगच नाही. तेथे राजा सरळ हिशेब देतो: राज्याभिषेकाला आठ वर्षे झाली असता कलिंग जिंकले, दीड लाख माणसे तेथून पकडून नेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट अन्य कारणांनी मेली. पुढे तो जे जगले त्यांच्याकडे वळतो. स्वतःला इजा झाली नाही तरी ज्यांचे आप्त, मित्र, सोबती संकटात सापडले, त्यांचे दुःख त्याला बोचते.

हा मजकूर शिकवायला चित्रफितीची गरज नाही, बोर्डाची मात्र आहे. नऊ वर्षांच्या मुलाला एक लाख म्हणजे एकावर पाच शून्ये, एवढेच ठाऊक असते. बोर्डावर एक हजार ठिपके काढावेत आणि सांगावे की असे शंभर पडदे भरले म्हणजे एक लाख. एका सेकंदाला एक ठिपका मोजला तर न झोपता जवळजवळ २८ तास लागतील. दहा पडदे सरकवेपर्यंत वर्ग शांत होतो. मग दीड लाखाचे पडदे अजून उरलेच आहेत, हे कोणीतरी मूल आपणहून सांगते.

आणखी एक गोष्ट नकाशावरच उलगडते. शाहबाजगढी, कालसी, गिरनार येथे हा तेरावा लेख आहे. प्रत्यक्ष कलिंगात, धौली आणि जौगड येथे, तो कोरलेलाच नाही. त्याऐवजी तेथे दोन वेगळे लेख आहेत, आणि त्यांत सर्व प्रजा आपली लेकरे असल्याचे राजा सांगतो. ज्यांची माणसे मारली त्यांच्या दारात तो आकडा का लिहिला नसेल? पश्चात्ताप, संकोच की राजनीती? याचे तयार उत्तर कोणत्याही ॲपमध्ये नाही, म्हणूनच हा प्रश्न मुलांपुढे ठेवण्याजोगा आहे.

निवासी शाळेला एक जादा पथ्य पाळावे लागते. दुपारी पडद्यावर पाहिलेले रात्री डोळ्यांपुढे आले तर वसतिगृहातील मुलाला उठून आईच्या कुशीत जाता येत नाही. म्हणून रक्त आणि प्रेते प्राथमिक वर्गांच्या पडद्यावर नकोत, या मताला आम्ही चिकटून आहोत. आकडा, नाव, नकाशा आणि दगडाचे छायाचित्र पुरेसे आहे.

आता कोरेगावविषयी. हा विषय आपल्या जिव्हाळ्याचा, म्हणूनच स्पष्ट बोलले पाहिजे. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले, ते समाजाला त्याच्या शौर्याची आठवण देण्यासाठी. मोबाईलवर फिरणाऱ्या चित्रफितींनी त्याचा ‘पाचशे विरुद्ध अठ्ठावीस हजार’ असा सामना करून टाकला आहे. इंग्रजांच्या त्या तुकडीत घोडदळ आणि तोफखानाही होता, आणि पेशव्यांचे सगळे सैन्य काही एकाच वेळी चालून आले नव्हते. एवढे सांगितल्याने आपल्या पूर्वजांचे शौर्य तसूभरही कमी होत नाही. स्तंभावरचे अक्षर न् अक्षर बोर्डावर मोठे करता येते. तेथील ४९ नावांपैकी २२ नावे ‘नाक’ या प्रत्ययावरून महार सैनिकांची म्हणून ओळखली जातात. मुलांनी ती एकेक करून मोठ्याने वाचावीत. ज्यांची सावलीही विटाळ मानली गेली त्यांची नावे दगडावर कोरली गेली, याचा अभिमान त्या वाचनातूनच येईल. समोरच्या बाजूने पडलेल्यांची नावे कुठे आहेत, असे एखाद्या मुलीने विचारले तर तिला गप्प करू नये. कलिंगाचे ठिपके मोजलेली मुलगी ते विचारणारच, आणि धम्म शिकविणाऱ्या शाळेत तो प्रश्न उपरा ठरू नये.

पुढे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, इंग्रजांनीच महारांची भरती बंद केली. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांचे पदक, सेवापुस्तिका, छायाचित्र किंवा आघाडीवरून आलेले पत्र असेल, त्यांनी ते शाळेत घेऊन यावे. आम्ही ते त्यांच्यासमोरच स्कॅन करून लगेच परत देऊ. आजोबा हयात असतील आणि प्रवास झेपत असेल, तर त्यांनाही सोबत आणावे; चौथीचा इतिहासाचा तास आपण त्यांच्या सोयीने ठेवू.