उसनी लोकशाही

बंदुकीच्या नळीतून क्रांती जन्मते असे मानणाऱ्यांनी आणि बाँबफेकी विमानांतून लोकशाही उतरते असे मानणाऱ्यांनी अफगाणिस्तानात आपापले प्रयोग करून पाहिले. दोन्ही प्रयोगांची किंमत अफगाण जनतेने मोजली.

डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा काबूलमध्ये शिरल्या, हाफिजुल्ला अमीन मारले गेले आणि बब्रक कारमाल यांना सत्तेवर बसवण्यात आले. ऑक्टोबर २००१ मध्ये अमेरिकी विमाने आली. पहिल्या हस्तक्षेपाची भलावण करून दुसऱ्याचा धिक्कार करणारे आणि पहिल्याचा धिक्कार करून दुसऱ्याच्या आरत्या ओवाळणारे यांच्यात तत्त्वाचा भेद नाही. भेद आहे तो धन्याचा.

अफगाण समाज लोकशाहीला मुळातच अपात्र होता, हा युक्तिवाद साफ खोटा आहे. १९६४ च्या राज्यघटनेनंतर १९६५ व १९६९ मध्ये तेथे निवडणुका झाल्या, स्त्रियाही संसदेत गेल्या. राजकीय पक्षांना मान्यता देणारे विधेयक संसदेने संमत केले होते. राजे झहीर शाह यांनी त्यावर सही केली नाही. राजाने नाकारलेली मान्यता २००१ नंतरच्या व्यवस्थेने कागदावर दिली, पण निवडणुकीत पक्षांना जागा दिली नाही. २००५ च्या संसदीय निवडणुकीत मतपत्रिकेवर पक्षांची नावेच नव्हती. पक्षाविना संसद म्हणजे सुट्या माणसांचा बाजार. तो शस्त्रधारी सरदारांना फावला.

२०१४ च्या अध्यक्षीय निवडणुकीचा तंटा मतपेटीने मिटवला नाही, तर अमेरिकी परराष्ट्रमंत्री जॉन केरी यांच्या मध्यस्थीने मिटला. सरकारी खर्चाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग परकी मदतीतून येत होता. जे सरकार जनतेच्या करावर जगत नाही, ते जनतेला हिशेबही देत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये दोहा येथे अमेरिकेने तालिबानशी करार केला, तेव्हा काबूलच्या सरकारला तेथे पाटही मांडलेला नव्हता. १५ ऑगस्ट २०२१ रोजी ते सरकार कोसळले. भारताने बांधून दिलेल्या संसदभवनाचे उद्घाटन डिसेंबर २०१५ मध्ये झाले होते. वास्तू मागे उरली, संसद गेली.

तथापि परकी फौज गेली म्हणजे देश स्वतंत्र झाला, असेही नव्हे. सहावीपुढील मुलींना शाळा बंद करणारी राजवट स्वदेशी असली तरी ती गुलामगिरीच होय. साम्राज्यशाहीच्या विरोधाच्या नावाखाली तिला सूट देणे हा समाजवादाचा द्रोह ठरेल.

अफगाण लोकशाहीला भवितव्य असेल, तर ते 'भाकरी, काम, स्वातंत्र्य' अशी घोषणा देत काबूलच्या रस्त्यावर उतरलेल्या निःशस्त्र स्त्रियांपाशी आहे. जानेवारी १९८० मध्ये संयुक्त राष्ट्रांत सोव्हिएत फौजांच्या प्रश्नावर भारत तटस्थ राहिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याने काबूलमधील दूतावास पुन्हा उघडला. दोन्ही वेळी दिल्लीचा व्यवहार काबूलच्या सत्तेशीच झाला. दूतावास उघडला, तशी भारतीय विद्यापीठांची दारे अफगाण मुलींसाठी उघडा, ही मागणी समाजवादी कार्यकर्त्यांनी लावून धरली पाहिजे. उसनी लोकशाही टिकत नाही. पण ती स्वतः उभारू पाहणाऱ्यांना एकटे पाडणे, हाही हस्तक्षेपाइतकाच मोठा अपराध आहे.