बीटा आवृत्ती आणि रुग्णाची संमती

आमच्या विभागातला एक निवासी डॉक्टर परवा पडलेल्या चेहऱ्याने आला. लॅपटॉपच्या ऑपरेटिंग सिस्टीमची बीटा, म्हणजे चाचणीसाठीची आवृत्ती त्याने हौसेने टाकली होती. दोन दिवसांनी लॅपटॉप सुरूच होईना. प्रबंधासाठी तीन महिने जमवलेल्या नोंदी त्यातच होत्या, दुसरीकडे प्रत नव्हती.

नवे औषध बाजारात येण्याआधी त्याच्या टप्प्याटप्प्याने चाचण्या होतात. सहभागी होणाऱ्याला धोके समजावून लेखी संमती घेतली जाते. बीटाचेही तसेच आहे. फरक इतकाच, की इथे अटी न वाचताच आपण ‘मान्य’ दाबून मोकळे होतो.

या चाचण्या हव्यातच. काही हजार लोकांत न दिसलेला दुष्परिणाम लाखोंनी औषध घेतल्यावर दिसतो, तसेच तऱ्हेतऱ्हेच्या लॅपटॉपवर काय बिघडेल हे कंपनीला आपल्या दालनात बसून कळत नाही. पण स्वयंसेवकाने कळवलेले कुणी वाचले तरच उपयोग. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० ची नवी आवृत्ती आली आणि काहींच्या फायलीच पुसल्या गेल्या. मायक्रोसॉफ्टला काही दिवसांतच वितरण थांबवावे लागले. कंपनीच्या म्हणण्यानुसार अशा तक्रारींचे प्रमाण दहा हजारांत एक होते. चाचणीच्या काळातही काहींनी हेच कळवले होते. पण इतरांची पुरेशी मते न मिळाल्याने त्या तक्रारी मागे पडल्या. त्यानंतर तक्रारीची तीव्रता नोंदवण्याची सोय झाली. दुर्मीळ पण गंभीर दुष्परिणाम मतांवर मोजायचा नसतो, हे औषधशास्त्र फार मोठी किंमत मोजून शिकले आहे.

म्हणून बीटा वापरायचीच असेल तर जुन्या, बिनकामाच्या लॅपटॉपवर वापरा. आधी सगळ्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती उघडते का, हेही पाहा. मॅकवर मागच्या आवृत्तीकडे परतायचे तर डिस्क पुसावी लागते. दोष दिसला तर तो जरूर कळवा, नाहीतर चाचणीत राहण्याला अर्थ नाही.

डॉक्टर मित्रांना आणखी एक सांगणे. रुग्णांच्या नोंदी असलेल्या लॅपटॉपवर हा प्रयोग करूच नका. ‘मान्य’ आपण दाबतो, पण धोका रुग्णाचा असतो, आणि त्याची संमती आपण घेतलेली नसते.