तज्ज्ञाने शेवटी बोलावे

मुळशी तालुक्याला बाहेरून आखून आलेल्या योजना नव्या नाहीत. टाटांच्या धरणासाठी मावळ्यांच्या जमिनी त्यांना न विचारता घेतल्या जाऊ लागल्या, म्हणून १९२१ मध्ये येथे सत्याग्रह उभा राहिला. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न तितका दारुण नाही. परंतु ज्यांच्यासाठी योजना, त्यांनाच ती आखताना वगळायचे, ही वृत्ती तेथेही दिसते.

शेजारच्या शाळांचे समूह करून शिक्षकांचे एकाकीपण दूर करावे, अशी शिफारस कोठारी आयोगाने १९६६ मध्ये केली. महाराष्ट्रात १९९४ साली केंद्रप्रमुखांची रचना आली आणि केंद्रातील शिक्षकांनी दरमहा एकत्र बसण्याची शिक्षण परिषद रुजली. कल्पना उत्तम होती. पण अनेकदा परिपत्रकांचे वाचन, माहितीचे तक्ते आणि एखाद्या तज्ज्ञाचे व्याख्यान यांतच परिषदेचा दिवस संपतो. ज्याने वर्ग पाहिलेला नाही तो बोलतो आणि ज्याने वर्ग सांभाळला आहे तो ऐकतो. याला सहविचार म्हणता येत नाही.

मग तज्ज्ञ नकोतच काय? तसे मुळीच नाही. एखादे मूल ५२ मधून २७ वजा करून ३५ लिहिते. शिक्षकाला तो निष्काळजीपणा वाटतो. मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते आहे, म्हणजे त्याच्या चुकीलाही नियम आहे, हे जाणकाराच्या लक्षात येते. उलट, हेच मूल कातकरी वाडीवरचे असेल, आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेल्याने त्याचे काही महिने बुडाले असतील, तर ते ठाऊक असते शिक्षकाला. दोन्ही ज्ञाने एकत्र आल्याखेरीज त्या मुलाचा प्रश्न सुटत नाही.

शिक्षकांनी केवळ एकमेकांकडे पाहून भागत नाही, याचाही अनुभव आहे. २०१५ नंतर राज्यभरातील शिक्षक सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या शाळा पाहण्यास गेले. त्यातून उत्साह आला. पण काही ठिकाणी फरशीवरची रंगीत आखणी तेवढी उचलली गेली, तिच्यामागचा विचार तेथेच राहिला.

जपानमधील पाठ-अभ्यासाची पद्धत येथे मार्गदर्शक ठरावी. तेथे शिक्षक मिळून पाठ आखतात, एक जण शिकवतो, इतर जण मुलांचे निरीक्षण करतात, त्यावर चर्चा होते. आणि बाहेरून बोलावलेला जाणकार सर्वांत शेवटी आपले मत मांडतो. या क्रमातच लोकशाही आहे.

२०२० च्या राष्ट्रीय धोरणाने शिक्षकाच्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाला ५० तास सांगितले आहेत. तास भरणे सोपे आहे. खरी मागणी निराळी असली पाहिजे : परिषदेचा विषय शिक्षकांनी ठरवावा, तज्ज्ञ त्यांनी निवडावा, आणि त्याने एकदा व्याख्यान देऊन न जाता त्याच शाळेत वर्षभर पुन्हा पुन्हा यावे. पुण्यातील विद्वत्तेला ताम्हिणीच्या पायथ्याच्या द्विशिक्षकी शाळेत जाऊन आधी बसता व ऐकता आले, तरच तिच्या बोलण्याला अर्थ येईल.