फोक्सवॅगनचा जीर्णोद्धार

‘जीर्णोद्धार’ हा शब्द आम्हां गोमंतकीयांच्या कानांवरून इतक्या वेळा गेलेला असतो की, त्याचा नेमका अर्थ कोणता, असा प्रश्न सहसा कोणास पडत नाही. डिचोली महालातील नार्वे येथील श्रीसप्तकोटेश्वराचे देवालय घ्या. दिवाडी बेटावरून परागंदा झालेले हे दैवत नार्व्यास स्थिरावले. १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी देवालयाचा जीर्णोद्धार करविला. आणि २०२३ साली, गोवा सरकारने हाती घेतलेले जतनाचे काम पुरे होऊन ते भाविकांस पुन्हा खुले झाले. अशा प्रत्येक कामात कारागिरापुढे एकच प्रश्न उभा असतो. जुने किती राखावे आणि नवे किती घालावे?

हाच प्रश्न गतवर्षी आमच्यापुढे एका मोटारीच्या निमित्ताने आला. देवळाच्या पंगतीस मोटार बसविली म्हणून सुज्ञ वाचकांनी रागावू नये. कारागिराचा धर्म दोन्ही ठिकाणी एकच असतो, हे पुढील हकिकतीवरून ध्यानी येईल.

ही मोटार म्हणजे जर्मन बनावटीची फोक्सवॅगन, जिला जग ‘बीटल’ म्हणते ती. गोव्यात ती आली पोर्तुगीज अमदानीत. १९५५ साली भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. परंतु त्याच दशकात आमच्या डिचोली, सत्तरी, सांगे या महालांतील लोहखनिज मांडवी-जुवारीतून बार्जींनी मुरगावास आणि तेथून जपान-युरोपकडे जाऊ लागले होते. खनिज गेले आणि त्याच बंदरातून परदेशी माल आला. त्यात घड्याळे होती, रेडिओ होते, आणि मोटारीही होत्या. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि भारताचे आयात-परवान्याचे कडक धोरण येथेही लागू झाले. गाड्या राहिल्या, पण त्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले. त्यानंतरची कित्येक वर्षे या गाड्या धावत्या राहिल्या त्या आमच्या मेस्त्रींच्या हातांमुळे. बुश लेथवर काढावेत, गॅस्केट जाड कागदातून कापावे, झिजलेल्या दांड्यावर धातू चढवून तो पुन्हा घासावा, असा तो संसार होता.

आम्ही सांगतो ती गाडी १९६१ सालची, डिचोलीतील एका घरची. आजोबांनी ती तरुणपणी घेतली. आज त्यांनी पंचाऐंशी ओलांडली आहे. नातू आमचा माजी विद्यार्थी. पुढे अभियंता झाला. गाडी दहा-बारा वर्षे गोठ्याशेजारी उभी होती. नातवाच्या मनात आले की तिचे इंजिन नव्याने बांधावे, आणि बांधायचेच तर चांगले दांडगे बांधावे. आजोबांचे म्हणणे असे की गाडी जशी आली तशीच राहिली पाहिजे. दोघेही हट्टी. तडजोडीसाठी आम्हांस बोलावणे आले. मोटारीच्या बाबतीत आमचा अधिकार शून्य असल्याने आम्ही पेडण्यातील एका वयोवृद्ध मेस्त्रींस सोबत नेले. आपले नाव छापू नये अशी त्यांची अट असल्याने ते येथे देत नाही.

मेस्त्रींनी प्रथम आम्हां सर्वांस इंजिनाची प्रकृती समजावून सांगितली. बहुतेक मोटारींच्या इंजिनांभोवती पाणी खेळते आणि ते रेडिएटरमध्ये निवते. फोक्सवॅगनला रेडिएटरच नाही. तिचे इंजिन गाडीच्या मागच्या बाजूस असते. चार सिलिंडर, दोन डावीकडे व दोन उजवीकडे, जमिनीशी समांतर आडवे. आपल्या बुलेट मोटारसायकलच्या सिलिंडरवर जशी पातळ पाती असतात, तशीच येथे प्रत्येक सिलिंडरवर असतात. पट्ट्याने फिरणारा एक पंखा त्यांवर वारा फेकतो. पाणी नाही, म्हणून थंड देशात ते गोठत नाही आणि उष्ण देशात उकळत नाही. ही साधी रचना जगाला इतकी मानवली की, ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतील पुएब्ला येथे शेवटची गाडी बाहेर पडेपर्यंत अशा २ कोटी १५ लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या.

“पण सर, यात एक गोम आहे,” मेस्त्री म्हणाले. “पाण्याच्या इंजिनाला पाणी सांभाळून घेते. या इंजिनाला सांभाळणारे दोघेच, वारा आणि तेल. आणि तेल किती, तर अडीच लिटर.”

पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते तिच्यातील थोडाच भाग चाकांच्या कामी येतो. उरलेली सारी उष्णता बाहेर टाकावीच लागते. इंजिन मोठे केले की शक्ती वाढते, तशी टाकावयाची उष्णताही वाढते. पंखा मात्र तेवढाच राहतो. म्हणून वाऱ्यावर निवणाऱ्या इंजिनात किती शक्ती घालता येते हा प्रश्न दुय्यम ठरतो. किती उष्णता बाहेर काढता येते, हा खरा प्रश्न. आमच्या मते या साऱ्या प्रकरणाचे सार एवढेच आहे.

नातवाच्या डोक्यात १७७६ घनसेंटिमीटरचे इंजिन होते. मूळ इंजिन ११९२ घनसेंटिमीटरचे, ३४ अश्वशक्तीचे. १७७६ साठी साडेनव्वद मिलिमीटर व्यासाचे पिस्टन लागतात. ते बसविण्यास इंजिनाचे मॅग्नेशियम मिश्रधातूचे कवच आणि वरची हेडे, दोन्ही कातून मोठी करावी लागतात. कवचाची जाडी तेवढी घटते. परदेशी शौकीन लोक ते आनंदाने करतात. मेस्त्रींनी त्याला एकच प्रश्न विचारला, “बाबा, गाडी कुठे चालवणार?” नातू उत्तरला, “साखळीवरून चोर्ला घाट चढून बेळगावला.” चोर्ल्याचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर. मे महिन्याची दुपार, पुढे रखडत चाललेला ट्रक, आणि खालच्या गिअरमध्ये हळूहळू चढणारी गाडी. शक्ती पुरती लागते आणि बाहेरचा वारा लागत नाही, अशी ही अवस्था. तेथे मोठे इंजिन आधी तापते आणि मग रुसते.

अखेर १५८५ घनसेंटिमीटरवर एकमत झाले. साडेपंच्याऐंशीचा व्यास, एकोणसत्तरचा स्ट्रोक. हे माप कारखान्याने स्वतःच पुढील काळात या गाडीस दिले होते आणि त्यातून ५० अश्वशक्ती काढली होती. ३४ वरून ५० म्हणजे जवळजवळ दीडपट. त्या मापाचे जुनेच, पण कवच शाबूत असलेले एक इंजिन नातवाने मिळविले आणि मेस्त्रींच्या गॅरेजात काम सुरू झाले.

आम्ही शनिवारी शाळा सुटल्यावर तेथे जाऊन बसत असू. पहिले दोन महिने काहीच बांधले गेले नाही. केवळ उलगडणे, धुणे आणि मोजणे चालले होते. प्रत्येक पिस्टन तराजूत घालून चारही समान वजनाचे केले. क्रँक पुढे-मागे किती सरकतो ते तपासले. ही सरक ०.०७ ते ०.१५ मिलिमीटरच्या आत असावी लागते आणि फ्लायव्हीलमागे तीन पातळ चकत्या घालून ती साधतात. मेस्त्री चकत्या बदलीत, मोजीत, पुन्हा काढीत. एका शनिवारी त्यांनी हे सात वेळा केले. व्याकरणाच्या वह्या तपासताना आमचा धीर तिसऱ्या वहीलाच सुटतो, हे आठवून आम्ही गप्प बसलो.

उष्णतेचा विचार प्रत्येक पायरीवर होता. मूळ रचनेत तेल निवविणारा ऑईल कूलर पंख्याच्या आवरणातच उभा असे. त्यातून तापून निघालेला वारा डावीकडच्या सिलिंडरांवर जाई आणि तिसरा सिलिंडर इतरांहून अधिक तापे. त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तुटणे हे या इंजिनाचे जुने दुखणे. १९७१ च्या मॉडेलपासून कारखान्याने कूलर बाजूस काढून त्याला स्वतंत्र वारा दिला. मेस्त्रींनी तीच नंतरची रचना घेतली. त्याहून त्यांचा आग्रह होता तो पत्र्यांचा. इंजिनाभोवतीचे काळे पत्रे आणि त्यांच्या कडेची रबरी पट्टी पुष्कळ लोक निरुपयोगी म्हणून काढून टाकतात. वस्तुतः खालचा तापलेला वारा पुन्हा वर पंख्यात शिरू नये, एवढ्यासाठीच ती भिंत असते.

बसविण्याचे काम त्या मानाने लवकर झाले. या गाडीचे इंजिन वरून काढीत नाहीत. गाडी मागून उंच उचलावयाची, इंजिन जॅकवर तोलावयाचे आणि गिअरबॉक्सशी जोडणारे चार बोल्ट सोडून ते खाली उतरवावयाचे. नवे त्याच वाटेने वर चढते. तथापि १९६१ ची गाडी सहा व्होल्टची. तिच्या फ्लायव्हीलला १०९ दाते. नव्या इंजिनाचे फ्लायव्हील १३० दात्यांचे आणि आकाराने मोठे. ते बसावे म्हणून गिअरबॉक्सचे तोंड आतून थोडे घासावे लागले, आणि बॅटरीपासून दिव्यांपर्यंत सारी वीज बारा व्होल्टची करावी लागली. पेट्रोलच्या नळ्याही सर्व नव्या घातल्या. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुने रबर त्याने कुजते. नळी फुटली आणि पेट्रोल तापल्या इंजिनावर सांडले तर गाडी पेटते, आणि मॅग्नेशियमचे कवच एकदा पेटले की सहज विझत नाही. ब्रेकही नव्याने केले. धावण्याची शक्ती दीडपट केली तर थांबण्याची शक्ती जुनीच ठेवणे शहाणपणाचे नव्हे.

कायद्याचीही बाजू होती. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ तपशिलाशी विसंगत बदलास मनाई करते आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने ते ठासून सांगितले आहे. शिवाय २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील जी गाडी मूळ स्वरूपात असेल, जिच्या सांगाड्यात वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसेल, तीच ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदली जाते. नातवाने रीतसर अर्ज केला, आणि मंजुरी व नव्या इंजिन-क्रमांकाची नोंद हाती येईपर्यंत बांधलेले इंजिन बाकावर झाकून ठेवले होते. व्हिंटेजचा मान मात्र सोडावा लागणार होता. आजोबा अडून बसले ते येथेच.

“मूळ इंजिनाचे काय करणार?” त्यांनी विचारले.

नातू घुटमळला. मेस्त्री म्हणाले, “ते मी आधी बांधून देतो. आहे तसेच, ११९२. तेल भरून, तोंडे बंद करून कोठारात ठेवा. गिअरबॉक्सचे तोंड आतून घासले आहे, ते जुन्या इंजिनाला आड येत नाही. पणतवाला वाटले तर त्याने पुन्हा चढवावे.”

या उत्तराने आजोबा राजी झाले. आम्हांसही आमच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. नवे अवश्य घालावे. पण परतीची वाट बुजवू नये. पुढच्या पिढीस आपला निर्णय फिरविता आला पाहिजे. जीर्णोद्धार आणि नवे बांधकाम यांत आम्ही हाच भेद मानतो.

इंजिन प्रथम सुरू झाले तेव्हा मेस्त्रींनी ते मंद चालू दिले नाही. मिनिटास सुमारे दोन हजार फेऱ्यांवर वीस मिनिटे चालविले, मग बंद करून तेल बदलले. नवा कॅम आणि त्याचे सोबती एकमेकांस सरावावेत म्हणून असे करतात. थंड झाल्यावर सर्व व्हॉल्व्हची फट पुन्हा ०.१५ मिलिमीटरवर आणली. मे महिन्यात गाडी चोर्ला चढली. वाटेत एकदाही थांबावे लागले नाही. आजोबा पुढच्या आसनावर होते. माथ्यावर पोचल्यावर त्यांनी एवढेच म्हटले, की आवाज थोडा निराळा आहे, पण वाईट नाही.

आता या हकिकतीतील आमचा स्वतःचा वाटा सांगून लेखणी ठेवतो. ती सारी मापे, चकत्या निवडण्याची रीत, कोणता आवाज कोणत्या दुखण्याचा, हे मेस्त्रींच्या डोक्यात होते. कागदावर कोठेच नव्हते. त्यांच्या गॅरेजात आज शिकाऊ मुलगा नाही. आजची मुले संगणकाने चालणारी इंजिने शिकतात. ते योग्यच आहे. परंतु कानाने इंजिन ओळखणारी ही शेवटची पिढी आहे. म्हणून आम्ही नातवास एक शंभर पानी वही दिली आणि मेस्त्री सांगतील ते शुद्ध मराठीत, तारखेसह लिहून घेण्यास बजावले. वही आता भरत आली आहे. दुसरी आम्ही घेऊन ठेवली आहे.

वाचकहो, आपल्या गावातही असा एखादा मेस्त्री, गवंडी वा सुतार असेल. त्याचे हात चालते आहेत तोवर एक वही घेऊन त्याच्याकडे जा.